आजोबांचं सेवापुस्तक कुठे मिळेल? बंदर खातं की पाणीपुरवठा? (अर्जंट)

पवनीकर: मुलीची कास्ट व्हॅलिडिटी (जात पडताळणी) अडकली आहे, ॲडमिशन तोंडावर. आजोबांच्या सेवापुस्तकाच्या (नोकरीच्या नोंदवहीच्या) पहिल्या पानाची नक्कल पाहिजे, त्यावर जात लिहिलेली असते. आजोबा आधी बंदर खात्यात होते, मग पाणीपुरवठ्यात. एका कार्यालयात म्हणाले "आमच्याकडे बंदर नाही", दुसरीकडे म्हणाले मुंबईला जा. तिसऱ्या ठिकाणी साहेब जेवायला गेले होते, चार वाजेपर्यंत जेवतच होते. खातं कोणतं तेवढं सांगा, बाकी मी पाहतो.

तर्रीपोहा: बंदर रामटेकच्या गडावर आहेत ना राजेहो. खातं नाही, पण खातात बराबर. हातातला प्रसाद बी सोडत नाहीत.

धरमपेठी: कधी लागले? कुठे? प्रवर्ग कोणता? आणि आजोबा म्हणजे बाबांचे वडील की आईचे? आईकडचे असतील तर इथेच थांबा, समिती वडिलांकडचंच नातं पाहते.

पवनीकर: बाबांचे वडील. ओबीसी. सालाचं काय एवढं?

धरमपेठी: सालावरच तर सगळं आहे भाऊ. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद लागते. एससीला १० ऑगस्ट १९५०, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१. आजोबा १९७० मध्ये लागले असतील तर सेवापुस्तक मिळूनही उपयोग कमीच. घरात आधी कोणाची व्हॅलिडिटी झाली आहे का? काका, चुलतभाऊ?

कोकणची_आत्या: बंदरं आता महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आहेत, मुंबईला अर्ज कर. मी रत्नागिरीची, आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे हे.

निवृत्त_उपअभियंता: ताई, मेरीटाईम बोर्ड १९९६ चं. यांचे आजोबा त्याच्या किती आधीचे असतील! पवनीकर, साल सांगा.

पवनीकर: व्हॅलिडिटी कोणाचीच नाही, आमच्या घरात पोरगीच पहिली. आजोबा १९५२ ला नागपुरातच लागले. १९५८ ते ६३ रत्नागिरीला धक्क्याच्या कामावर होते, म्हणून घरात सगळे "बंदरवाले" म्हणायचे. परत आल्यावर पाणीपुरवठा. १९८६ ला नागपुरातूनच रिटायर. झालं समाधान?

धरमपेठी: हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

दाखला_मास्तर: सेवापुस्तकाचा नाद सोडा. तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढा. माझ्या तिन्ही पोरांचं त्यावरच झालं. पवनी तहसीलला या, मी ओळख देतो.

इतिहासवेडा: १९५२ म्हणजे जुन्या मध्यप्रदेश सरकारची नोकरी. तेव्हा नागपूर राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला गेली आणि फायलीही तिकडेच. भोपाळ गाठा.

निवृत्त_उपअभियंता: उगाच भोपाळला पाठवू नका. सचिवालयाच्या फायली वेगळ्या आणि सेवापुस्तक वेगळं. सेवापुस्तक माणसाच्या मागे फिरतं. बदली झाली की नव्या कार्यालयात जातं, शेवटी जिथून रिटायर झाला तिथे राहतं. खात्याची पाटी किती वेळा बदलली ते बघा. १९५६ ला राज्य बदललं. १९६० ला महाराष्ट्र झाला आणि बांधकाम खात्याचे दोन भाग झाले, एक इमारती व दळणवळण, दुसरा पाटबंधारे व वीज. पाणीपुरवठा आरोग्य अभियांत्रिकीकडे होता. मग १९७६ च्या कायद्याने पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ आलं, त्यालाच १९९७ पासून जीवन प्राधिकरण म्हणतात. पुस्तक मात्र तेच, १९५२ चं पहिलं पान घेऊन फिरलेलं. "बंदर खातं" हा शब्द अर्जात लिहूच नका, बाबू तिथेच अडतो.

इतिहासवेडा: पण पहिली नेमणूक मध्यप्रदेशची, मूळ आदेश भोपाळलाच असणार.

निवृत्त_उपअभियंता: आदेश कोणाला पाहिजे? यांना पहिलं पान पाहिजे. पवनीकर, शेवटचं कार्यालय कोणतं? पेन्शनचा कागद, बदलीचा आदेश, काही आहे का?

तर्रीपोहा: पाणीपुरवठ्याचे लोक आहेतच तर सांगा, आमच्या गल्लीत सकाळी अर्धाच तास नळ का येतो?

पवनीकर: आजीची पत्र्याची पेटी उघडली. सायक्लोस्टाईलचा एक आदेश सापडला, शाई पसरलेली, टाचणीच्या गंजाने कोपरा खाल्लेला. जांभळा शिक्का आहे, त्यात "पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ" आणि "विभाग, नागपूर" वाचता येतं. मधला शब्द गेला. खाली जावक क्रमांक आहे आणि तारीख १९८५ ची.

निवृत्त_उपअभियंता: मग मंडळाच्या नागपूर विभागातूनच रिटायर झाले. आता जीवन प्राधिकरणाच्या नागपूर कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. विभाग चुकला तरी कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत त्यांनीच योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. जावक क्रमांक आणि तारीख टाका, आदेशाची झेरॉक्स जोडा, आजोबांचा मृत्यूदाखला आणि नात्याचा पुरावाही.

पवनीकर: ३० दिवस? ॲडमिशन थांबणार आहे का?

धरमपेठी: म्हणून दोन्हीकडे सुरू करा. मास्तरांचं कोतवाल बुक काढा, आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा काढा. आजोबा शिकले कुठे?

दाखला_मास्तर: मी पहिल्यांदाच म्हटलं होतं. कोणी ऐकते का?

पवनीकर: पवनीलाच, चौथीपर्यंत. सोमवारी सकाळी अर्ज टाकतो, दुपारी पवनी. मास्तर, तहसीलला किती वाजता येता?

कोकणची_आत्या: रत्नागिरीला कोणत्या धक्क्यावर होते रे आजोबा? मिरकरवाड्याला असतील तर माझ्या सासऱ्यांनी पाहिले असतील.