मदत हवी आहे: स्कूटर शिकताना घाबरले की हात उलटाच फिरतो

तापीकाठची
नमस्कार. गेले पंधरा दिवस मी पुतण्याच्या बिनगिअरच्या स्कूटरवर शिकते आहे. गाडी सुरू होते, चार हात पुढे जाते आणि समोर काही आले की थांबण्याऐवजी जोरात पळते. काल तर ती शेजाऱ्यांच्या ओट्यावर चढली आणि तुळशीच्या कुंडीचा कान उडाला. पुतण्या मागून "काकू, सोडा, सोडा" असे ओरडत असतो, पण नेमके काय सोडायचे हे त्या क्षणी कळत नाही. मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी "दुचाकी शिकवत नाही" म्हणून परत पाठवले. महिनाभरात शिकायचेच आहे, त्यामुळे उपाय लवकर सांगावा. "या वयात कशाला" असे कृपया कोणी लिहू नये.

केळीबागवाला
ताई, वय किती, सायकल येते का, शिकाऊ परवाना काढला आहे का आणि गाव कोणते, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. सराव कुठे करता, तेही सांगा.

निवृत्त_मास्तर
माझे ऐका आणि कमी वेगाची विजेवरची गाडी घ्या. मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर परवाना लागत नाही. मी सदुसष्टाव्या वर्षी घेतली आणि आता भाजीबाजार तिच्यावरच करतो.

एमएच१८
सर, परवाना नको म्हणजे शिकणे नको असे होत नाही, कारण वेग वाढवणारी उजवी मूठ त्या गाडीलाही असते आणि घाबरल्यावर तीही तशीच पिरगाळली जाते. शिवाय काही विक्रेते वेग वाढवून देतात, आणि तशी गाडी या सवलतीत बसत नाही.

निवृत्त_मास्तर
माझ्या गाडीचा वेग कोणी वाढवलेला नाही.

तापीकाठची
वय ६२. सायकल येत नाही. आमच्या घरी सायकल भावाला मिळाली होती. गाव फैजपूर. सराव गल्लीतच करते. परवाना अजून काढलेला नाही. विजेच्या गाडीबद्दल मी विचारलेले नव्हते.

हरिपाठप्रेमी
ताई, उतारवयात मन रमवण्याचे इतरही मार्ग आहेत. भजनी मंडळात जावे, किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून राहिलेली पदवी पूर्ण करावी. माझ्या वहिनींनी तसेच केले आणि त्या समाधानी आहेत.

तापीकाठची
आमच्या भजनी मंडळाचा सराव सावद्याला असतो आणि रात्री परतताना रिक्षा मिळत नाही. स्कूटर त्यासाठीच हवी आहे.

एमएच१८
म्हणजे बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता, आणि तोही रात्री! केळीने भरलेले ट्रक मागे असताना ताशी २५ ने चालणे हाच धोका आहे, त्यामुळे सरांचा सल्ला इथे तर मुळीच चालणार नाही. आधी शिकाऊ परवाना काढा. चाळिशीनंतर अर्जासोबत डॉक्टरांचे नमुना १-अ प्रमाणपत्र लागते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, पण पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतरच देता येते. म्हणून महिनाभराचा हिशेब सोडून द्या. पंचावन्न वर्षांनंतर परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो, हेही ध्यानात असू द्या.

साकेगावची_सून
मूळ प्रश्नाचे उत्तर कोणीच दिले नाही. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले आणि माझेही हेच होत होते. गाडीने झटका दिला की अंग मागे जाते, हात ताणले जातात आणि उजवी मूठ आपसूक खाली ओढली जाते. म्हणून वेग वाढतो, म्हणून अंग आणखी मागे जाते. यावर सीटवर थोडे पुढे सरकून बसा, कोपरे वाकवा आणि उजवे मनगट मुठीपेक्षा खाली झुकू देऊ नका.

मात्र आपल्याला सायकल येत नसल्याने आधी तोल शिकावा लागेल. शाळेच्या मोकळ्या मैदानात इंजिन बंद ठेवा, दोन्ही पाय जमिनीला टेकवत गाडी ढकला आणि दर दहा पावलांवर फक्त डावा ब्रेक दाबून थांबा. पाय उचलून पाच-सहा हात सरळ जाता येईपर्यंत किल्ली फिरवू नका. माझे आठ दिवस यातच गेले आणि मुलगा कंटाळून घरी निघून गेला.

निवृत्त_मास्तर
डावा ब्रेक मागच्या चाकाचा असतो, त्याने गाडी लवकर थांबत नाही. पुढचाच दाबावा.

साकेगावची_सून
मैदानातल्या मातीवर नवख्याने पुढचा ब्रेक दाबला, तर चाक घसरून पडणे ठरलेलेच. आणि एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोड-ब्रेक किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे; जोड-ब्रेकच्या स्कूटरवर डावी दांडी दाबली की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. ताई, पुतण्याची गाडी कोणत्या वर्षाची आहे?

तापीकाठची
२०२१ ची. उद्यापासून करून बघते.

तापीकाठची (नऊ दिवसांनी)
इंजिन बंद ठेवून सात दिवस ढकलली. पोटऱ्या इतक्या दुखल्या की जिना चढवेना, पण परवा पाय उचलून गोलपोस्टपर्यंत गेले. काल किल्ली फिरवली. एकदा मूठ पिळली गेली, पण या वेळी डावा हातही दाबला गेला आणि गाडी थांबली. नमुना १-अ आणला आहे, रक्तदाब ठीक निघाला. रात्री सावद्याला जाण्याचे तूर्त मनात नाही. शेजाऱ्यांना नवी कुंडी दिली. पुतण्याला "सोडा" ऐवजी "डावा" असे ओरडायला सांगितले आहे.