मदत हवी आहे : ग्रेट हेल्ममधून समोरचे दिसत नाही

केंटकर : मी इंग्लंडमधील एका रीएनॅक्टमेंट गटात (जुन्या लढाया प्रयोगरूपाने पुन्हा साकारणाऱ्या) यंदा प्रथमच उतरत आहे. भारतात बनवलेले सपाट माथ्याचे ग्रेट हेल्म, म्हणजे डोके आणि चेहरा पूर्ण झाकणारे मध्ययुगीन शिरस्त्राण मागवले. परंतु मान वळवली की डोके आतल्या आत फिरते, हेल्म तसेच राहते आणि डोळ्यांची फट गालाशी येते. प्रयोग तीन आठवड्यांवर आला आहे. कृपया त्वरित उपाय सांगावा.

गोदाकाठ : आत काय घालता, पत्रा किती जाडीचा आहे आणि प्रयोग कोणत्या सालच्या लढाईचा आहे? हे कळल्याशिवाय उपाय सांगणे कठीण आहे.

जुना_लोहार : दर वेळी वापरानंतर खनिज तेलाचा पातळ हात फिरवावा, म्हणजे गंज धरत नाही.

केंटकर : गंज लागलेला नाही. आत लोकरी टोपी घालतो. पत्रा १८ गेजचा आहे. लढाई लुईसची, १२६४ ची.

गोदाकाठ : साल योग्य आहे, १४७१ ची ट्यूक्सबरीची लढाई असती, तर हे हेल्मच चुकीचे ठरले असते. अडचण टोपीची आहे. त्या काळी योद्धे आधी रजईसारखी टाके घातलेली जाड टोपी आणि तिच्यावर साखळीचे शिरस्त्राण घालून मग हेल्म चढवत, त्यामुळे कारागीर आतला घेर मुद्दाम मोठा ठेवतो. तशी टोपी शिवून घ्या, हेल्मच्या आत अस्तर बसवा आणि हनुवटीचा पट्टा लावा. मात्र १८ गेज म्हणजे जेमतेम १.२ मिलिमीटर, तलवारीचे घाव घ्यायचे असतील, तर गटाचा नियम आधी विचारा.

म्युनिकवासी : एवढे शिवत बसण्यापेक्षा स्पंज चिकटवावा, मी गेली चार वर्षे तेच करतो. फट मात्र ग्राइंडरने रुंद करून घ्यावी आणि दोन्ही गालांवर छिद्रे पाडावीत.

गोदाकाठ : याला माझा ठाम विरोध आहे. फट रुंद केली की शस्त्राचे टोक आत शिरते. ब्लॅक प्रिन्सच्या (चौदाव्या शतकातील इंग्रज राजपुत्र एडवर्ड) कँटरबरी कॅथेड्रलमधील हेल्मवर श्वासाची छिद्रे उजव्या गालावर आहेत, कारण भाला डाव्या अंगावर येई. केंटकर, तुम्हाला ते जवळच आहे, अवश्य पाहून या.

म्युनिकवासी : छिद्रांचे मान्य आहे. स्पंजाचे नाही.

केंटकर : टोपी आजच शिवायला देतो. एक सांगायचे राहिले, मी चष्मा लावतो आणि तो आत धुकटतो.

गोदाकाठ : हे पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवे होते. चष्मा काढून ठेवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कॉन्टॅक्ट लेन्स घ्या. काच फुटली तर डोळा जाईल.