मशीनच्या निदानाला ‘खात्री’ म्हणायचं का?

खानापूरकडं आत्याच्या गावात डोळ्यांचं शिबिर झालं, तिला शुगर आहे म्हणून पडद्याचा फोटो काढला, एआयच्या मशीनची चिठ्ठी आली ‘पडद्याला आजार, ९० टक्के’ आणि तिथला कन्नड बोलणारा पोरगा म्हणाला ‘खात्री’. आता महाराष्ट्रात जी रोजगार हमी ती आपल्याकडं कर्नाटकात उद्योग खात्री, म्हणजे आपल्या कानाला खात्री म्हणजे हमीच की. आत्या दोन दिवस नीट जेवली नाही. मग बेळगावात डॉक्टरांनी थेंब घालून बघितलं, पडदा स्वच्छ!

‘अचूकता’ म्हणा, पण कशाची ते सांगा. समजा १००० लोक तपासले, आजारी १०. मशीन आजाऱ्यांतले ९० टक्के पकडतं म्हणजे ९, आणि चांगल्यांतल्या ९० टक्क्यांना बरोबर सोडतं, म्हणजे उरलेल्या ९९० मधल्या ९९ जणांच्या हातात उगीच चिठ्ठी. एकूण चिठ्ठ्या १०८, खरे आजारी ९, बारा जणांत एक. दोन्हीकडं नव्वदच बरं का, आणि चिठ्ठी घेऊन रडत बसलेल्या बाईला हे कोणी सांगत नाही.

पुस्तकात त्या पहिल्या नव्वदाला ‘संवेदनशीलता’ म्हणतात, पण बोलताना संवेदनशील म्हणजे हळवा माणूस, त्यापेक्षा ‘पकड’ लगेच कळतं. मशीनच्या टक्क्यांना काही जण ‘भरवसा’ सुचवतात, मला नको वाटतं, कन्नडमधे भरवसे म्हणजे आशा नाहीतर निवडणुकीतलं आश्वासन, दोन्ही भाषा ऐकणाऱ्याचा गोंधळच व्हायचा.

मला आपला वजनाचा ‘काटा’ आवडतो. निपाणी-चिकोडीकडं ऊस घालणाऱ्याला काटा मारणं, म्हणजे वजन कमी दाखवणं, काय असतं ते शिकवायला नको, आणि काटा बरोबर आहे का हे आधीच माहीत असलेलं वजन ठेवूनच कळतं. मशीननं शंभर जणांना ‘७० टक्के’ सांगितलं तर त्यातले सत्तरच्या आसपास खरंच आजारी निघाले पाहिजेत, नाहीतर काटा चुकलाय. आणि जागा बदलली की परत तपासायचा. गूगलच्या डोळ्याचे फोटो तपासणाऱ्या एआयची पकड २०१६ च्या पेपरात ९७.५ टक्के होती, पण थायलंडच्या दवाखान्यांतला अभ्यास २०२० साली आला त्यात १८३८ फोटोंपैकी २१ टक्के मशीननं घेतलेच नाहीत, खोलीतला उजेडसुद्धा आडवा आला. म्हणून टक्के ऐकले की मी विचारतो, काटा कुठं तपासलाय, कुणाच्या डोळ्यांवर?

चिकोडीकडचे लोक, तुमच्यात काटा तपासण्याला ‘काटा बघणं’ म्हणतात का ‘काटा लावणं’?