मदत हवी आहे: प्रागमध्ये साडेतीन दिवस, सोबत दहा महिन्यांची लेक आणि गुडघेदुखीवाली आई

शेवग्याची_शेंग

नमस्कार मंडळी,

प्रागवर इथे दोन-तीन जुने धागे सापडले, पण एक हनिमूनचा आहे आणि बाकीचे बिअरचे. आमची गाडी ती दोन्ही स्टेशनं सोडून पुढे आली आहे, म्हणून हा नवीन धागा.

आम्ही बर्लिनला राहतो. लेक दहा महिन्यांची, नुकती रांगायला लागली आहे, म्हणजे जमिनीवर ठेवली की गायब. आई नाशिकरोडहून आली आहे आणि तिचा व्हिसा १२ ऑक्टोबरला संपतो. जायचं तर आत्ताच, म्हणून २६ सप्टेंबरची दुपार ते २९ची संध्याकाळ असं ठरवून रेल्वेची तिकिटं काढून टाकली. आता रात्री लेकीला दूध पाजताना एकेक शंका डोकं वर काढतेय.

बाबागाडी न्यावी का? जो तो सांगतो की तिथे सगळीकडे दगडी फरसबंदी आहे, नेऊच नका. नवरा म्हणतो बाळ अंगावर बांधायचं कॅरियर पुरे. कॅरियर शेवटी कुणाच्या खांद्यावर येणार ते मला माहीत आहे, आणि लेक नऊ किलोची आहे. आईचं म्हणाल तर सपाटीवर ती माझ्याहून जास्त चालते, पण वीसेक पायऱ्या उतरल्या की चेहरा बदलतो. बोलत नाही, पण कळतं.

हॉटेल कुठल्या भागात घ्यावं? किल्ल्याखालच्या गल्ल्या फोटोत फार सुंदर दिसतात. लेक खिमटी, उकडलेला बटाटा, केळं खाते, रात्री डब्याचं दूध. तीन दिवस खिमटीचं काय करायचं? आणि आईचा शेंगेन व्हिसा सिंगल एंट्रीचा आहे, तर चेक रिपब्लिकला जाऊन परत जर्मनीत येता येईल ना?

शेवटचं आणि महत्त्वाचं. आईला किल्ला नको, घड्याळ नको, तिला बाळ येशू बघायचा आहे. नाशिकवाल्यांना सांगायला नको, फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते. आम्ही काही ख्रिश्चन नाही, पण आई दरवर्षी मेणबत्ती लावायला जायची आणि मला काखोटीला मारून न्यायची. त्याचं मूळ ठाणं प्रागला आहे हे तिला कळल्यापासून दुसरा विषय नाही. ते चर्च कुठे आहे, तिथवर बाबागाडीने पोचता येतं का?

---

कडीकोयंडा

चार वर्षं प्रागला काढली, त्यातली दोन बाबागाडी ढकलत. म्हणून लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

बाबागाडी न्याच. दगडांचं म्हणणं अर्धं खरं आहे. गोल डोक्याच्या दगडांना चेक लोक 'मांजरांची डोकी' म्हणतात, आणि छोट्या कडक चाकांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी त्यांच्यावर नेलीत तर लेकीचे दात यायच्या आधी हलायला लागतील. मोठी, हवा भरायची रबरी चाकं असतील तर काही होत नाही. बहुतेक फुटपाथ बारीक चौकोनी दगडांच्या नक्षीचे आहेत, त्यावर गाडी नुसती गुरगुरते. आमचा पोरगा त्या गुरगुरीवरच झोपायचा. कॅरियर गाडीखालच्या जाळीत टाकून ठेवा, पायऱ्या आल्या की काढा.

किल्ल्याखालचा भाग, माला स्त्राना, बघायला सुंदर आणि राहायला शिक्षा. चढ, पायऱ्या, रात्रभर ट्रॉलीबॅगांचा खडखडाट. त्यापेक्षा नामेस्ती मीरूच्या आसपास घ्या, २२ नंबरच्या ट्रॅमसाठी. ही एकच ट्रॅम तुम्हाला राष्ट्रीय नाट्यगृहापाशी नेते, व्ल्तावा नदी ओलांडते, तुमच्या आईंच्या बाळ येशूपाशी थांबते आणि मग वळणं घेत वर किल्ल्यावर चढते. तिथल्या मेट्रोच्या नादी मात्र लागू नका. त्या स्टेशनचा सरकता जिना ८७ मीटर लांब आहे, युरोपीय संघातला सर्वांत लांब. गुडघेवाल्या माणसाला वरून खाली बघूनच घेरी येईल.

ट्रॅममध्ये बाबागाडीचं चित्र असलेल्या दारातून चढा. बाळाला आणि गाडीला तिकीट नाही. जुनी पायऱ्यांची ट्रॅम आली तर घाबरू नका, 'कोचारेक' म्हणजे बाबागाडी आणि 'प्रोसीम' म्हणजे कृपया, एवढे दोन शब्द पुरतात. बहुतेकदा तेही लागत नाहीत. चेक माणूस हसणार नाही, बोलणार नाही, पण गाडीचा पुढचा दांडा धरून वर ठेवेल आणि चालू लागेल.

खोली घेताना 'लिफ्ट आहे का' असं विचारू नका, 'रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत' असं विचारा. जुन्या इमारतींत लिफ्ट मागाहून बसवलेली असते आणि बऱ्याचदा अर्ध्या मजल्यावरून सुरू होते. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, म्हणजे खिमटीचा प्रश्न मिटला. डाळ-तांदूळ भाजून रवाळ दळून न्या, सकाळी शिजवून थर्मासच्या डब्यात भरा. जेवणघरात 'ब्रांबोरोवा काशे' मागितलं की बटाट्याचा लगदा येतो, मीठ कमी घालायला सांगा.

सिंगल एंट्री चालते. शेंगेनमधल्या एका देशातून दुसऱ्यात गेलं तर ती नवी एंट्री धरत नाहीत. सगळ्यांचे पासपोर्ट मात्र मूळ प्रतीत ठेवा, लेकीचाही, आणि तिचं जर्मन रहिवासी कार्डसुद्धा. परतताना सीमेवर पोलीस गाडीत चढू शकतात.

बाळ येशूला तिथे 'येझुलात्को' म्हणतात, म्हणजे लाडाने 'येशुबाळ'. २२ने हेल्लीखोवा थांब्यावर उतरायचं, चर्च दोन मिनिटांवर. दाराशी थोड्या पायऱ्या आहेत, आत सपाट. मेणाची मूर्ती, ४७ सेंटीमीटर, नुकत्या जन्मलेल्या बाळाएवढी. स्पेनहून आलेली. लोब्कोविझ घराण्यातल्या पोलिक्सेना नावाच्या बाईने १६२८ साली ती तिथल्या कार्मेलाइट साधूंना दिली. देवाचे कपडे ऋतूप्रमाणे बदलतात, सम्राज्ञी मारिया तेरेझाने दिलेला पोशाखसुद्धा आहे. तो संग्रह वरच्या खोलीत आहे आणि वर जायला गोल जिना, तेव्हा आईंना त्याबद्दल आधी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

---

मुद्द्याचं_बोला

दहा महिन्यांच्या बाळाला प्राग काय आणि पनवेल काय! तिला काय आठवणार आहे? वर्ष-दोन वर्षं थांबायचं. शिवाय तिथल्या खानावळींमध्ये सिगारेटचा धूर असतो, बाळाला घेऊन बसणार कुठे?

---

शेवग्याची_शेंग

@मुद्द्याचं_बोला, मान्य. पण व्हिसा आईचा संपतोय, बाळाचा नाही.

@कडीकोयंडा, तुम्हाला दंडवत. नामेस्ती मीरूची जागा घेऊन टाकली. मालकाने पायऱ्या नाहीत असं लिहूनही दिलंय. आता पूल आणि किल्ला यांचंही सांगून टाका, माझी काही इतक्या जवळ जाऊन किल्ला सोडायची तयारी नाही.

---

भटकी_मुंगी

धुराचं जुनं झालं. ३१ मे २०१७ पासून तिथे खानावळींत सिगारेट बंद आहे. संध्याकाळी साडेपाचला जा, जागाही मिळते आणि बाळ रडलं तरी ऐकायला कुणी नसतं.

बाबागाडीबद्दल माझं मत वेगळं. आम्ही फक्त कॅरियर नेलं होतं, आठ महिन्यांचं बाळ, काही अडलं नाही. पण आम्ही दोघेच होतो आणि तेव्हा माझी कंबर शाबूत होती.

ऑर्लॉय, म्हणजे ते १४१० सालचं घड्याळ, त्याच्यासाठी दिवस आखू नका. सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित फिरतात, शेवटी कोंबडा आरवतो, संपलं. मिनिटभराचासुद्धा कार्यक्रम नाही आणि त्यासाठी ही गर्दी, त्यात पाकीटमार. त्यापेक्षा त्याच इमारतीच्या मनोऱ्यावर जा. वरपर्यंत लिफ्ट आहे. युरोपातल्या जुन्या मनोऱ्यांत ही चैन क्वचित मिळते, आईंना आख्खं लाल कौलांचं शहर वरून दाखवता येईल.

---

तिसरी_घंटा

तारखा बघितल्या का? २८ सप्टेंबरला सेंट वेन्सेस्लासची सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या दिवशी मोठी दुकानं कायद्याने बंद. डायपर, दूध, फळांच्या बाटल्या जे काय लागेल ते २७ला घेऊन ठेवा. अगदीच अडलं तर 'वेचेर्का' शोधा, कोपऱ्याकोपऱ्यावरची छोटी किराणा दुकानं, बहुतेक व्हिएतनामी लोकांची. ती उघडी असतात, पण बाळाच्या नेहमीच्या दुधाची खात्री नाही.

---

कडीकोयंडा

सुट्टीचं बरं आठवलंत, मी विसरलोच होतो.

पूल, म्हणजे चार्ल्स पूल: सकाळी आठच्या आत. बाळ तसंही उठवणारच आहे, त्याचा उपयोग करून घ्या. ५१६ मीटर लांब, १३५७ साली चौथ्या चार्ल्सने पायाभरणी केलेला, आणि दहानंतर गेलात तर दिसतात फक्त लोकांच्या पाठी. पलीकडच्या टोकाला काम्पा बेटावर उतरायचा जिना दिसेल, तो घेऊ नका. पुलाच्या मनोऱ्याखालून सरळ पुढे जाऊन लाझेन्स्का गल्लीत डावीकडे वळा. पायरी न उतरता माल्टीज चौकात येता, तिथून काम्पाची बाग एका हाताला आणि येझुलात्को दुसऱ्या.

किल्ला: खालून चढायचा विचारच नको. २२ने किल्ल्याच्याही पुढे पोहोर्झेलेट्सपर्यंत जा आणि उताराने मागे या. वाटेत लोरेटा हे ख्रिस्ती तीर्थस्थान लागतं, तिथे २७ घंटांचा संच दर तासाला धून वाजवतो. लेकीला ऑर्लॉयपेक्षा हे आवडेल. किल्ल्यातल्या कॅथेड्रलमध्ये कॅरियर वापरा. बांधायला घेतलं १३४४ला, पूर्ण झालं १९२९ला, तेव्हा तुमचं दहा मिनिटांत बघून झालं तरी अपराधी वाटून घेऊ नका. 'जुना किल्ल्याचा जिना' अशी पाटी दिसली की उलट फिरा.

---

शेवग्याची_शेंग

मंडळी, जाऊन आलो. उशीर झाला, आईची बॅग भरायची होती.

आधी तक्रार. 'पायऱ्या नाहीत' म्हणणाऱ्या त्या घरात लिफ्टपर्यंत नऊ पायऱ्या निघाल्या. मालकाला फोन केला तर म्हणे, त्या पायऱ्या नाहीत, ते प्रवेशद्वार आहे. आई दिवसातून दोनदा 'प्रवेशद्वार' चढत होती.

२७ला सकाळी येझुलात्को. हेल्लीखोवाला उतरताना बाबागाडीचं पुढचं चाक ट्रॅम आणि फुटपाथ यांच्यामधल्या फटीत अडकलं. मी 'प्रोसीम' आठवेपर्यंत मागच्या माणसाने गाडी उचलून खाली ठेवलीसुद्धा, आणि कडीकोयंडा म्हणाले तसाच न हसता निघून गेला. चर्च आत थंड, अंधारं. मूर्ती उजव्या हाताच्या वेदीवर काचेत, इतकी लहान की आईने आधी भलतीकडेच बघून हात जोडले. दिसल्यावर म्हणाली, "एवढासाच?" मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. हिरवा पोशाख होता, डोक्यावर मुकुट, डाव्या हातात गोळा, उजव्या हाताची दोन बोटं वर. आईने माझ्याकडून लेकीला घेतलं, तिचा हात धरून तशीच दोन बोटं वर करून दाखवली. लेकीने ती तोंडात घातली. वरच्या पोशाखांचं मी सांगणारच नव्हते, पण नवऱ्याने पाटी मोठ्याने वाचली. आई कठड्याला धरून गेली वर! उतरायला दहा मिनिटं लागली, चेहरा बदलला, बोलली नाही.

दुपारच्या झोपेची सोय मात्र आपोआप झाली. लेक २२ नंबरमध्ये बसली की दुसऱ्या थांब्याला डोळे मिटायची. किल्ला आला तरी उठेना, म्हणून आम्ही बसून राहिलो आणि शेवटच्या थांब्यावर, बीला होराला पोचलो. नवरा एकदम ताठ बसला. ८ नोव्हेंबर १६२०ची लढाई इथलीच, चेक सरदार हरले आणि कॅथलिक सम्राटाची पकड बसली. सकाळी बघितलेल्या चर्चचं नाव 'विजयी मेरी' आहे ना, तो विजय हाच. एका झोपेत ट्रॅमने दोन्ही टोकं दाखवली. आई म्हणाली, हरलेल्यांच्या गावात जिंकलेल्यांचं देऊळ, आणि थर्मास उघडून खिमटी काढली.

ऑर्लॉयला गर्दी बघूनच परत फिरलो. मनोऱ्यावर गेलो, लिफ्टवाल्या सल्ल्याबद्दल @भटकी_मुंगी, आईकडून खास धन्यवाद. किल्ल्यावर लेक रडत होती, त्यामुळे कॅथेड्रल पाळीपाळीने, प्रत्येकी सात मिनिटं. पुलावर सकाळी पावणेआठला गेलो, तेव्हाही एक नवरी आणि तीन फोटोग्राफर हजर होते.

---

आलेपाक

छान लिहिलंय. आमचं पिल्लू सात महिन्यांचं, डिसेंबरात तिथेच जातोय. तुमची बाबागाडी कुठली? हवेच्या चाकांची नवी फार महाग दिसतेय.

---

शेवग्याची_शेंग

@आलेपाक, आमची जुनी घेतलेली आहे, कंपनीचं नावसुद्धा पुसलंय. चाकं तेवढी फिरवून बघा. आणि हवा भरायचा छोटा पंप न विसरता न्या. आमचं मागचं चाक नेमकं २८ला, सुट्टीच्या दिवशी बसलं. सायकलची दुकानं सगळी बंद, शेवटी एका वेचेर्कावाल्याने आतून स्वतःचा पंप आणून दिला. पैसे घेईना, म्हणून त्याच्याकडून दोन डझन केळी घेतली. अजून संपली नाहीत.