सॉर्बे पंच : २५ जणांचं प्रमाण

वहिनी : रविवारी २५ जण आहेत. सॉर्बे पंच करायचाय, म्हणजे फळांचा रस आणि सोडा, त्यात सॉर्बेचे (साखर घालून गोठवलेल्या, बिनदुधाच्या फळांच्या गराचे) गोळे. सामान किती आणू?

आत्या : माणशी १५० मिलीचे दोन ग्लास धर, म्हणजे साडेसात लिटर. दोन खेपांत कर, सगळं एकदम कालवू नकोस. अर्ध्या तासात सोड्याचा गॅस उतरतो आणि उरलेला पंच बेचव लागतो. एका खेपेला संत्र्याचा किंवा अननसाचा रस दीड लिटर, साधा सोडा दीड लिटर, सॉर्बे १ लिटर, लिंबाचा रस ५० मिली, चिमूटभर मीठ. भांडं ६ लिटरचं हवं, फेस वर येतो.

दादा : साध्या सोड्याऐवजी लिंबाचं गोड कोल्ड्रिंक घातलं तर?

आत्या : नको रे. सॉर्बेतच साधारण पाव हिस्सा साखर असते. सुरुवातीला पंच किंचित आंबटच लागला पाहिजे, सॉर्बे विरघळेल तसा गोडवा वाढत जातो. पहिल्या घोटाला बरोबर गोड लागला, तर शेवटी पाक होतो.

मावशी : सॉर्बे घेताना डब्यावरचे घटक वाच. दूध असेल तर परत ठेव. लिंबाने ते फाटतं आणि पंचात कण दिसतात. ताजा अननस आणि दूध एकत्र आलं तर कडवटपणाही येतो, कारण अननसातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं. डबाबंद रस उकळलेला असतो, त्याने कडू होत नाही.

वहिनी : सॉर्बे घरी केला तर?

मावशी : कर की. ७०० ग्रॅम गाळलेला गर, २०० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी. साखर-पाणी गरम करून विरघळव, पूर्ण गार झाल्यावर गरात मिसळ. गोठताना दर पाऊण तासाने काट्याने मोड, असं चार वेळा. साखर कमी केलीस तर दगडासारखा होईल, वाढवलीस तर गोठणारच नाही.

दादा : आणि बर्फ?

आत्या : सुटे खडे अजिबात नकोत, दहा-पंधरा मिनिटांत पाणी होतं. त्याच रसाचा अर्धा लिटर केकच्या भांड्यात रात्रभर गोठव. एकच मोठी लादी सावकाश वितळते आणि वितळली तरी रसच सुटतो. खरं तर रस आणि सोडा रात्रभर फ्रीजमध्ये असतील तर तेवढ्याने भागतं. कोमट सोडा ओतलास तर मात्र काही उपयोग नाही, गॅसही जातो आणि सॉर्बेही लगेच विरघळतो.

मावशी : सॉर्बेचे गोळे आदल्या दिवशीच काढून ठेव. ट्रेवर बटर पेपर, त्यावर गोळे, झाकून परत फ्रीझरमध्ये. ऐनवेळी काढायला गेलीस तर कडा विरघळून लगदा होतो.

वहिनी : घालायचं कोणत्या क्रमाने?

आत्या : आधी रस, लिंबू, मीठ ढवळ. मग लादी. सोडा भांड्याच्या कडेने हळू सोड, त्यानंतर डाव फिरवायचा नाही. गोळे सगळ्यात शेवटी, एकेक. खरबरीत सॉर्बेवर बुडबुडे धरतात, म्हणून सगळे एकदम टाकले की फेस उतू जातो. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घे. अॅल्युमिनियम, तांबं नको, आंबटाने धातूची चव उतरते.

दादा : रंगाचं काय? लाल सॉर्बे हिरव्या रसात छान दिसेल ना?

मावशी : पहिली पाच मिनिटं. मग सगळं मातकट होतं. लाल सॉर्बे लाल रसात, पिवळा पिवळ्यात. लिंबाचा पांढरा मात्र कशातही घाल.