सासूबाईंच्या लाकडी ताटल्या: नॉर्वेच्या की इथल्याच, अमेरिकेतल्या?

मॅडिसनची सून: नवऱ्याची आई मार्चमध्ये गेली. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या चार रंगीत लाकडी ताटल्या आमच्याकडे आल्या. नणंद ठासून सांगते, पणजीने नॉर्वेहून पेटीतून आणल्या, तपकिरी थर चुलीच्या धुराचा. मला पटत नाही. सगळ्यात मोठीच्या काठावर 'टाक फॉर माटेन' लिहिलंय, म्हणजे जेवण झाल्यावर मानायचे आभार. मधे इंग्रजी सी आणि एससारखी वळणं, एका बाजूला झुकलेली. सही नाही. कसं ओळखायचं?

नक्षीवेडी: एका बाजूला झुकलेली वळणं म्हणजे नॉर्वेतल्या टेलेमार्क भागाची शैली. तिथल्याच हालिंगदाल भागाची नक्षी बरीचशी समतोल, रंगही दाट. पण शैलीवरून नक्षीचा मूळ भाग कळतो, ताटलीचं वय नाही! नॉर्वेत ही रोझमालिंगची, म्हणजे लाकडावर फुलावेलींची नक्षी रंगवायची कला १८व्या शतकात बहरली, १९व्याच्या उत्तरार्धात ओसरली. तुमच्याच विस्कॉन्सिनात, स्टॉटनला, पेर लिस्ने नावाचा कारागीर घोडागाड्या रंगवायचा. १९३०च्या दशकातल्या महामंदीत काम आटलं तेव्हा ताटल्या रंगवू लागला. पुढे आयोवातल्या डेकोराच्या व्हेस्टरहाइम संग्रहालयात १९६७पासून वर्ग निघाले. तुमच्या भागात घरोघरी अशा ताटल्या त्यामुळेच.

आणि तो 'धूर' नीट बघा. काठाला गडद, मधे पुसट, कुंचल्याच्या रेघांत साचलेला असेल, तर जुनं दिसावं म्हणून तपकिरी रंग चोळून पुसलाय.

कातारी: आमचा लाकूड कातायचा धंदा, म्हणून एवढंच सांगतो. लाकूड रेषांच्या आडवं जास्त आकसतं. गोल कातलेली ताटली शंभर वर्षांत थोडी लांबट होते. रेषांच्या दिशेने आणि आडवी, दोन्हीकडून मोजा. पक्कं प्रमाण नव्हे, ओलं लाकूड कातलं असेल तर लवकरही होतं. पाण्याने मात्र धुऊ नका.

मॅडिसनची सून: मोजल्या. तीन अगदी गोल, आणि तपकिरी रंग तुम्ही म्हणता तसाच काठाला. मोठीच्या मागे टांगायच्या तारेखाली पेन्सिलीत '१९७१' सापडलं. चौथी मात्र, जिच्यावर सासूबाई किल्ल्या ठेवायच्या ती, एकीकडून ३१ सेंटिमीटर, आडवी ३०.४. तपकिरी थर नाही, रंग मधोमध घासून गेलाय.

नक्षीवेडी: किल्ल्या आधी काढा! मग पुढून-मागून फोटो काढून व्हेस्टरहाइमला विचारा.

मॅडिसनची सून: काढल्या. नणंदेला तूर्तास फक्त चौथीबद्दल कळवलंय.