मदत हवी आहे: भारतातला नर्सिंगचा अनुभव एनएचएसच्या बँड ५ पगारात मोजून घेण्यासाठी

इंग्लंडमधल्या एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) रुग्णालयात महाराष्ट्रातून आलेल्या नर्सेसचं रुजू होण्यानंतरचं काम बघते. ओएससीई या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दहाही स्टेशन्सची तयारी नीट होते, पिन (तिथल्या नर्सिंग नोंदणीचा क्रमांक) येतो, पगाराचा बँड म्हणजे श्रेणी ४ वरून ५ होतो. अडतं पुढे. आठ-दहा वर्षं आयसीयू केलेल्या सिस्टरला नवख्या मुलीइतका पगार मिळतो, कारण भारतातली वर्षं धरली नाहीत तर बँड ५ मधली पगाराची पुढची पायरी २ वर्षांनी आणि वरची ४ वर्षांनी. मग ती दुसऱ्या ट्रस्टला (रुग्णालयं चालवणाऱ्या एनएचएस संस्थेला) नाहीतर ऑस्ट्रेलियाला जाते, आणि तिचं काहीच चुकत नाही.

अजेंडा फॉर चेंज या एनएचएसच्या पगार-नियमांच्या हँडबुकात, कलम १२ मध्ये, एनएचएसबाहेरचा संबंधित अनुभव धरण्याची मुभा ट्रस्टला आहे. म्हणजे नियम आडवा येत नाही, पुरावा येतो. अनुभवपत्रावर नुसतं 'स्टाफ नर्स' असतं. वॉर्ड, खाटा, पूर्णवेळ की नाही, काहीच नाही. पडताळणीच्या ईमेलला जुनी रुग्णालयं उत्तर देत नाहीत, काही तर बंदच झालीत. रिलिव्हिंग लेटर आणि पगाराच्या स्लिपा दिल्या, एचआरने पुरेशा मानल्या नाहीत. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवरून नोकरी सिद्ध होत नाही.

सगळ्या आधीच रुजू आहेत, त्यामुळे ऑफर लेटरच्या वेळी घासाघीस करा हा सल्ला आता उपयोगी नाही. त्यांना टिकवायला बोनस द्यावा तर तेवढे पैसे नाहीत.

पीएफचं पासबुक किंवा फॉर्म १६, सोबत जुन्या मेट्रनचं सहीचं पत्र, एवढ्यावर कुणाच्या ट्रस्टने पायरी वाढवून दिली आहे का? आणि पगारातला फरक रुजू झाल्या तारखेपासून मिळाला, की अर्ज केल्यापासून?